सोड म्हटल्याशिवाय

रंगनाथ : किल्ली आधी टेबलावर ठेव. मग काय बोलायचं ते बोल.

तेजल : किल्ली मिळणार नाही, सर.

रंगनाथ : हॉल तुझ्या बापाचा नाही.

तेजल : तुमचाही नाही. कॉलनीच्या मंडळाचा आहे. त्यांना मी दुपारीच सांगून आलेय, उद्या रविवारी मल्लखांबाचा वर्ग भरणार नाही. सावळीराम वॉचमनकडून किल्ली घेतली तीसुद्धा त्यांना विचारूनच.

सुमनबाई : अगं तेजल, आत तरी ये. दारात उभं राहून काय भांडती? शेजारचे कान लावून बसलेत. चहा टाकते.

तेजल : चहा नको, काकू.

रंगनाथ : बघ, बघ हिचा रुबाब. खांबाला हात लावायचा तर रडायची ही. आईचा पदर सोडायची नाही. मी हिला खांबावर चढवली, जिल्ह्यापर्यंत नेली. आता फिजिओथेरपिस्ट झाली, दाराला पाटी लागली, तर मलाच हॉलबाहेर ठेवते.

तेजल : तुम्ही चढवली म्हणून तर इथे आलेय. नाहीतर सरळ मंडळाच्या मीटिंगमध्ये बोलले असते.

रंगनाथ : काय बोलली असतीस? मंगळवारी एक पोर पडलं, हेच ना? मल्लखांबावरून पोरं पडतात. म्हणून खाली गादी असते.

तेजल : निकिताच्या हनुवटीला टाके पडलेत.

रंगनाथ : मला सांगू नकोस. दवाखान्यात टाके घालताना मीच तिला धरून बसलो होतो.

तेजल : कोणत्या हाताने?

रंगनाथ : म्हणजे?

तेजल : साधं विचारतेय. उजव्या की डाव्या?

सुमनबाई : हाताचं मधीच काय काढलं? कोपर बरं झालंय त्यांचं. गणपतीच्या आधीच झालं.

तेजल : कोण म्हणालं?

सुमनबाई : हेच म्हणाले. आणि मला काय दिसत नाय का? उन्हाळ्यात यांना पेला उचलता येत नव्हता. नवा खांब आणला, तर सुतार लावायचा सोडून हेच रंधा घेऊन बसले. मग दिवसदिवस पॉलिश पेपर घासायचा. एका सकाळी दात घासायला हात वर जाईना. डॉक्टर म्हणाले टेनिस एल्बो. हे डॉक्टरलाच म्हणतात, मी उभ्या जन्मात टेनिस खेळलो नाय, दुसऱ्याचा कागद वाचताय तुम्ही. माझा भाऊ सायखेड्याहून तेल घेऊन आला, ते चोळलं. इंजेक्शन झालं. तुझ्याकडं पाठवलं. आता दळणाचा डबा उचलतात, भाजीची पिशवी आणतात. चांगलं चाललंय की.

तेजल : डबा कसा उचलतात, काकू?

सुमनबाई : कसा म्हंजे? खालून हात घालून.

तेजल : आणि पिशवी?

सुमनबाई : मनगटात अडकवून.

तेजल : दाराची वरची कडी?

सुमनबाई : ती डाव्या हातानं. मी म्हटलं पण, उजवा समोर असताना असं वाकडं कशाला. तर म्हणाले, डाव्यालाही सवय लागली पाहिजे.

तेजल : सर, तो तांब्या भरलेला आहे ना? उजव्या हाताने उचला. वरून काठाला धरायचा. तळवा जमिनीकडे, कोपर सरळ.

रंगनाथ : मी तुझ्या सर्कशीतला आहे काय?

सुमनबाई : उचला की. एवढं काय त्यात?

रंगनाथ : तू मधे पडू नकोस.

सुमनबाई : उचला म्हणते ना मी.

(रंगनाथ उजवा हात पुढे करतात. तांब्या टेबलापासून जेमतेम वीतभर वर येतो, बोटं निसटतात आणि सगळं पाणी टेबलावर सांडतं.)

सुमनबाई : अरे देवा. राहू द्या, राहू द्या, मी पुसते.

तेजल : असा तांब्या त्यांनी तुमच्यासमोर आपणहून उचलला असता का? म्हणून विचारलं, डबा कसा उचलतात. तळवा वर असला की दुखत नाही. तळवा खाली गेला की कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते आणि मूठ सुटते. सगळं घर त्यांनी तळवा वर करून चालवलंय.

सुमनबाई : म्हणून लोणच्याची बरणी माझ्याकडून उघडून घ्यायचे होय? मला म्हणायचे, तू उघड, तुझ्या हाताला चव आहे. झाकण उघडण्यात कसली आलीय चव? आणि मी मेली खूश व्हायची.

रंगनाथ : झालं तुमचं दोघींचं? आता माझं ऐका. हे तळवा वर, तळवा खाली, मला कुणी शिकवलं? हिनं. हिच्या क्लिनिकमध्ये त्या पांढऱ्या खाटेवर बसून. 'सर, किटली अशी उचलायची, म्हणजे दुखणार नाही.' तू शिकवलंस आणि मी शिकलो. चांगला विद्यार्थी निघालो, याचा राग आलाय तुला?

तेजल : हो, मी शिकवलं. किटलीसाठी शिकवलं. दुखरी जागा थोडे दिवस सांभाळावी, घरातली कामं अडू नयेत, एवढ्यासाठी. त्याच्या जोडीला व्यायाम दिला होता. तो कुठे गेला?

रंगनाथ : तो बाटलीचा? टेबलाच्या कडेवर हात ठेवायचा, पाण्याची बाटली धरायची, मनगट हळूहळू खाली सोडायचं. डाव्या हातानं परत वर आणायचं. त्याला व्यायाम म्हणतात? वीज केंद्राच्या प्लांटमध्ये मी व्हॉल्व्ह फिरवलेत, दोन माणसं लागायची एकेकाला. मी बाटली उचलत बसू?

तेजल : किती दिवस केलात?

रंगनाथ : दुखायचं.

तेजल : थोडं दुखेल हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दुसऱ्या सकाळपर्यंत शांत झालं तर ते चालतं, हेही सांगितलं होतं. मी फोन केला की तुम्ही म्हणायचात, चालू आहे, आता मोठी बाटली घेतली.

रंगनाथ : दुखतंय म्हणजे बिघडतंय. एवढं मला कळतं.

तेजल : पोरांना हे सांगता तुम्ही? नवीन पोरगं खांबाला पायांची अढी घालतं, मांडी सोलवटते, रडत येतं. तेव्हा काय म्हणता? घरी बस म्हणता, की रोज थोडं कर, कातडी घट्ट होईल म्हणता?

रंगनाथ : कातडी वेगळी. कोपर वेगळं.

तेजल : स्नायूचा दोर हाडाला जिथे बांधलेला असतो तिथलं दुखणं आहे हे. तो दोर बसून घट्ट होत नाही, आणि एकदम ओढला तर आणखी उसवतो. रोज थोडं थोडं वजन देत न्यावं लागतं. महिने लागतात. तुम्हाला इंजेक्शनने चार दिवस बरं वाटलं, तुम्ही परत खांब घासायला गेलात. परत दुखलं तर पूर्ण बंद करून बसलात. मग तळव्याची युक्ती सापडली, तर बरा झालो म्हणून मला फोन केलात. मी पेढे घेऊन आले होते या घरात.

सुमनबाई : खरंच आणले होते. त्या कोपऱ्यावरच्या दुकानातले.

तेजल : आता मला सांगा, पट्टी कशी धरत होता?

रंगनाथ : कुठली पट्टी?

तेजल : सर.

सुमनबाई : नवारीची असेल. पोरांच्या कमरेची. मीच शिवते ना त्या. खाटेच्या नवारीच्या, दुहेरी टाक्याच्या. पोर खांबावर गेलं की पट्टी मागून यांच्या मुठीत. यांच्या वर्गाची रीतच हाय ती. पट्टी बांधल्याशिवाय कुठल्याच पोराला खांबाला हात लावू देत नाय. आणि हे 'सोड' म्हटल्याशिवाय पोरानं पाय सोडायचे नाय.

तेजल : मीही बांधलीय तुम्ही शिवलेली. कशी धरत होता, सर?

रंगनाथ : खालून. मूठ खालून घालायची, तळवा वर. सगळा पावसाळा तशी धरली. एकाही पोराला कळलं नाही. एकाही आईबापाला कळलं नाही. एकही पोर खाली आलं नाही. हे पण सांग ना मंडळाला.

तेजल : पोर चढताना तळवा वर चालतो. ते उलटं झालं की?

रंगनाथ : उलटं झालं की काय?

तेजल : तुम्ही शिकवलेलं तुम्हालाच विचारतेय. निकिता अढी घालून उलटी लटकली. डोकं खाली. पट्टी तिच्याबरोबर फिरली. तुमचं मनगट कुठे गेलं?

रंगनाथ : फिरतं ते.

तेजल : कुठे फिरतं?

रंगनाथ : खाली. तळवा खाली येतो. बस? समाधान झालं?

सुमनबाई : पण तेजल, त्या पोरीनं आधीच पाय सोडले होते ना? यांनी 'सोड' म्हणायच्या आतच. तिथं कुणाचाही हात असता तरी काय झालं असतं? हे तसंच सांगत होते सगळ्यांना.

तेजल : त्यासाठीच आलेय, काकू. कोपराचं नंतर बघू.

रंगनाथ : त्यात आता काय राहिलं?

तेजल : निकिताचा बाप, अश्विन, आज मनमाडला ड्यूटीवर गेला नाही. रजा टाकली. निकिताला घेऊन कानाच्या डॉक्टरकडे गेला.

सुमनबाई : कानाच्या? लागलं तर हनुवटीला ना?

तेजल : ती घरी सारखी सांगतेय, मला सरांचा 'सोड' ऐकू आला होता. आणि सर सगळ्यांसमोर सांगतात, मी म्हणालोच नाही. आता बापाने काय समजायचं? अश्विन मला म्हणाला, ताई, सर खोटं बोलणार नाहीत, म्हणजे पोरीच्याच कानात काहीतरी दोष असणार, वेळेवर बघितलेलं बरं. तपासणी झाल्यावर सरळ माझ्याकडे आला, काय करू विचारायला.

सुमनबाई : मग? निघाला का दोष?

तेजल : तिला त्या बंद खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावून. आवाज आला की बटण दाबायचं. ती दाबेना. डॉक्टरने विचारलं, ऐकू येत नाही का बाळ? तर म्हणाली, आल्यासारखं वाटतं, पण खरंच आला का ते मला माहीत नाही.

सुमनबाई : अहो, ऐकताय ना?

रंगनाथ : पोरं बोलतात काहीही. घाबरली असेल.

तेजल : पोरं काहीही बोलतात. पण तुमच्या हाताखालचं पोर शब्दाशिवाय पाय सोडत नाही. मला नका सांगू. मी सातवीत होते, मी वर उलटी लटकलेली आणि हॉलमधली वीज गेली. एकलहऱ्याच्या वीज केंद्राशेजारी राहून अंधार, म्हणून तुम्ही हसत होता. बाकीची पोरं दाराकडे पळाली. माझ्या पायांना कळा येत होत्या, काही दिसत नव्हतं, पट्टी तुमच्या मुठीत आहे की नाही तेही कळत नव्हतं. तुम्ही 'सोड' म्हणालात तेव्हाच सोडलं. निकिता दोन वर्षं आहे तुमच्याकडे. ती शब्दाच्या आधी सोडेल? तुम्हाला तरी पटतं का हे?

रंगनाथ : मुलं चुकतात.

तेजल : चुकली का ती? तोंडाने सांगा. 'निकिता चुकली' असं म्हणा, मी किल्ली ठेवते आणि जाते.

सुमनबाई : म्हणा ना.

रंगनाथ : म्हणालो. म्हणालो मी 'सोड'. झालं? मी म्हणालो आणि तिनं सोडलं. बरोबर सोडलं, जसं सोडायला पाहिजे तसं. पट्टी मुठीत होती माझ्या. ती फिरली आणि इथं, या हाडावर, खिळा ठोकावा तसं झालं. बोटं मी उघडली नाहीत. आपोआप उघडली. ती खाली गेली तेव्हा माझा हात अजून तसाच, मूठ वळल्यासारखा, वर. रिकामा.

सुमनबाई : आणि वर पोरीचं नाव घेतलंत.

रंगनाथ : अश्विन धावत आला. चारपाच पालक होते. रक्त दिसत होतं. तो म्हणाला, सर, काय झालं? तोंडातून निघालं, तिनं आधी सोडलं. ठरवून नाही बोललो. पण एकदा निघालं, मग जो विचारेल त्याला तेच. तेच तेच सांगून मलाही वाटायला लागलं की तसंच झालं असेल.

सुमनबाई : काल ती पोर आली होती इथं.

रंगनाथ : कधी?

सुमनबाई : तुम्ही पेन्शनच्या कामाला गेलतात तेव्हा. हनुवटीला पट्टी. माझ्याजवळ ओट्याला टेकून बसली, लाडू दिला तर खाल्ला नाय. म्हणाली, आजी, सरांना सांगा, मी परत असं नाही करणार. मी काय म्हणाले तिला, माहितीय? मी म्हटलं, बाळा, सरांचं नीट ऐकत जावं.

रंगनाथ : तुला काय माहीत होतं त्यात?

सुमनबाई : मला माहीत नव्हतं, तेच तर म्हणते. तुम्ही खोटं बोलायचं आणि मी त्या लेकराला वर अक्कल शिकवायची. तिनं मान हलवली हो माझ्यापुढं. बरणी उघडायला लावली, ते मी विसरंन. हे माझ्या तोंडून वदवलंत, ते नाय विसरणार.

रंगनाथ : बरं. उद्या वर्गात सांगतो, सगळ्या पोरांसमोर.

तेजल : उद्या वर्ग नाही.

रंगनाथ : मग अश्विनला भेटतो. दोघं बसून बोलतो.

सुमनबाई : अश्विनला नाय. आधी पोरीला. फोन लावते मी.

रंगनाथ : थांब. थांब जरा, सुमन. आठ वर्षांच्या पोरीला काय सांगू मी? सरांचा हात सुटला, आणि वर सर खोटं बोलले? उद्या ती बाकीच्यांना सांगेल. मग खांबावर उलटं लटकलेलं कुठलं पोर माझ्या शब्दावर पाय सोडेल? तेजल, तू सांग हिला. हात आज ना उद्या बरा होईल. करतो मी बाटलीचं, शपथेवर करतो. पण हे एकदा गेलं की मग शिकवायचं कशाच्या जोरावर?

तेजल : कदाचित नाही सोडणार. ते मी नाकारत नाही.

रंगनाथ : मग?

तेजल : मग तुम्ही खाली बसून दंड-बैठका शिकवा, सलामी शिकवा. खांबाखाली मी उभी राहीन, रविवारी मला जमतं. ज्या दिवशी तुमचा हात तळवा खाली ठेवून पोराएवढं वजन पेलेल, त्या दिवशी पट्टी परत तुमच्या हातात. तो दिवस मी ठरवणार, तुम्ही नाही. पण पोरांना सोडायचं की नाही, ते पोरंच ठरवतील. त्यावर माझ्याकडे व्यायाम नाही, सर.

रंगनाथ : इतकं तोडून बोलायला कुठं शिकलीस?

तेजल : गोड बोलून बघितलं ना सहा महिने. तुम्ही मला मोठी बाटली, मोठी बाटली सांगत राहिलात.

सुमनबाई : लागला फोन. हां अश्विन, मी सुमनकाकू. निकिता जागी हाय ना? तिला दे. नाय नाय, तुझ्याशी नंतर. आधी तिलाच दे. घ्या. स्पीकरवर ठेवलाय. तळवा वर करा नाहीतर खाली करा, पण धरा.

निकिता : हॅलो सर.

रंगनाथ : निकिता. टाके दुखतात का गं?

निकिता : जांभई आली की दुखतात. सर, मी परत तसं नाही करणार.

रंगनाथ : थांब. आधी माझं ऐक. मंगळवारी तू खांबावर उलटी होतीस. तेव्हा मी 'सोड' म्हणालो होतो.

सुमनबाई : बोला पुढं.

रंगनाथ : मी म्हणालो, आणि मगच तू सोडलंस. तुझं काही चुकलं नाही. माझं कोपर दुखत होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. पट्टी माझ्या हातातून सुटली. आणि मी सगळ्यांना खोटं सांगितलं की तू आधी सोडलंस. ऐकतेस ना?

निकिता : हो.

रंगनाथ : तुझे कान चांगले आहेत.

निकिता : तुम्ही मोठ्याने म्हणाला होतात?

रंगनाथ : हो. चांगलं मोठ्याने.

निकिता : मलापण मोठ्यानेच आलं होतं.

रंगनाथ : तुला माझा राग आला असेल तर तसं सांग. मी काही म्हणणार नाही.

निकिता : सर, मी पप्पांना फोन देते. तुम्ही परत पहिल्यापासून सांगा. मी इथेच उभी आहे.